ढग समोर आला की मागे फिरायचं कसं: लहान विमानाच्या वैमानिकासाठी टप्प्याटप्प्याने

गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, पलीकडे सहा किलोमीटर व्हिजिबिलिटी आहे. निघू ना?" पलीकडे म्हणजे छत्रपती संभाजीनगरला. तो उभा होता धुळ्यात. मधल्या कन्नड घाटाबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

हा प्रश्न मला दरवर्षी येतो, फक्त विचारणारं पोरगं बदलतं. निघायचं ठिकाण पाहिलं, उतरायचं ठिकाण पाहिलं, दोन्हीकडे ठीक आहे म्हणून निघाले. लहान विमानं खराब हवेत पडतात ती बहुतेकदा या दोन ठिकाणांच्या मध्ये. इंजिन सुरू असतं, टाकीत इंधन असतं, आणि वैमानिकाला बाहेरचं दिसेनासं झालेलं असतं.

पुढचं सगळं सेसना १५२ किंवा १७२ सारख्या एका इंजिनाच्या विमानासाठी आहे, आणि बाहेर बघूनच उडण्याची, म्हणजे व्हीएफआरची, परवानगी असलेल्या वैमानिकासाठी आहे. उदाहरण म्हणून धुळे ते संभाजीनगर हाच मार्ग घेतो. सरळ रेषेत सुमारे ७० नॉटिकल मैल, हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा, साधारण १५० अंश. रेषा जवळजवळ राष्ट्रीय महामार्ग ५२ वरूनच जाते: गिरणा, चाळीसगाव, मग अजिंठ्याच्या रांगेचा कडा, वर कन्नड आणि पुढे पठार. तुमचा मार्ग दुसरा असेल तर आकडे बदला. क्रम मात्र हाच ठेवा.

टप्पा १: आदल्या संध्याकाळी नकाशातून तीन आकडे काढा

हवामानाचं पान अजून उघडू नका. आधी हवा दिसली की माणूस नकाशा तिच्या बाजूने वाचायला लागतो.

मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच नॉटिकल मैलांचा पट्टा आखा. त्या पट्ट्यातलं सगळ्यात उंच टेकाड, टॉवर किंवा पवनचक्की शोधा. हा पहिला आकडा. समजा तो ३२०० फूट निघाला (तुमच्या नकाशावर नीट पाहून घ्या, माझ्यावर विसंबू नका). त्यात १००० फूट मिळवा. ४२०० ही तुमची फरशी, घाट ओलांडताना याच्या खाली यायचं नाही. त्यावर आणखी १००० फूट ढगापासूनचं अंतर. ५२०० फूट हा ढगाच्या तळाचा किमान आकडा. हे सगळे आकडे समुद्रसपाटीपासूनचे.

आता तोच आकडा विमानतळाच्या भाषेत आणा, कारण हवामान अहवालात ढगाची उंची त्या विमानतळाच्या जमिनीपासून सांगतात. संभाजीनगरचा विमानतळ सुमारे १९०० फुटांवर आहे. ५२०० वजा १९०० म्हणजे ३३००. म्हणजे तिथल्या अहवालात दाट ढगाचा तळ ३३०० फूट किंवा त्याहून वर असला, तरच हा घाट तुमचा.

कायदा सगळीकडे एवढं मागत नाही. नियंत्रित हवाई क्षेत्राबाहेर, कमी उंचीवर, पाच किलोमीटर दृश्यमानता, ढगाबाहेर राहणं आणि जमीन दिसत असणं एवढ्यावर भागतं. पण त्या किमान अटींवर ३२०० फुटांचा डोंगर ओलांडायला गेलात तर चूक करायला जागाच उरत नाही. साठ-सत्तर तासच उडालेल्या वैमानिकाच्या हातून चूक होणारच, ती धरूनच आकडा काढायचा.

> तपासा: तिन्ही आकडे (टेकाड, फरशी, ढगाचा तळ) नी-बोर्डवरच्या (मांडीवर बांधायच्या पाटीवरच्या) कागदावर पेनाने लिहिलेत का? फोनमध्ये नकोत. फोन गरम होऊन बंद पडतो, आणि नेमका तेव्हाच पडतो.

टप्पा २: मार्गावर दोन फाटकं ठरवा

फाटक म्हणजे जमिनीवरची अशी खूण, जिथे पोहोचल्यावर "पुढे की मागे" हे मोठ्याने बोलून ठरवायचं. ती डोंगराच्या अलीकडे हवी, आणि तिथे वळायला मोकळी जागा हवी.

या मार्गावर माझी दोन ठरलेली. पहिलं मेहुणबाऱ्याजवळ गिरणेचं पात्र, धुळ्याहून साधारण १३ मिनिटं. दुसरं चाळीसगाव स्टेशन. मुंबई-भुसावळ मुख्य लाइन आणि धुळ्याचा फाटा तिथे मिळतात, त्यामुळे वरून चुकणं अवघड. तिथून कडा सात-आठ मैलांवर, ९० नॉटच्या (ताशी ९० नॉटिकल मैलांच्या) वेगाने पाच मिनिटांचं अंतर.

प्रत्येक फाटकापुढे कागदावर एकच अट लिहा. चाळीसगावपुढे मी लिहितो: "कड्याची वरची रेघ अखंड दिसते, आणि रेघेच्या वर उजेड आहे." रेघ मधे तुटलेली असेल, म्हणजे कुठेतरी ढग डोंगरावर टेकलेला असेल, तर मागे. तिथे तर्क करत बसायचं नाही.

टप्पा ३: सकाळी हवा या क्रमाने वाचा

क्रम मोठ्याकडून लहानाकडे: उपग्रह चित्र, रडार, धोक्याच्या सूचना म्हणजे सिगमेट, मग टॅफ म्हणजे विमानतळाचा पुढच्या काही तासांचा अंदाज, आणि सगळ्यात शेवटी मेटार म्हणजे तिथल्या आत्ताच्या हवेचा अहवाल. विद्यार्थी बरोब्बर उलट करतात. मेटार एका ओळीत असतो, लगेच वाचून होतो, आणि तो चांगला निघाला की पुढचं कोणी उघडत नाही. मेटार ही त्या क्षणाची, त्या धावपट्टीवरची नोंद आहे. तीस-पस्तीस मैल अलीकडच्या घाटाबद्दल ती काहीही बोलत नाही. भारतीय हवामान खात्याच्या ऑनलाइन ब्रीफिंगमधून टॅफ आणि मेटार घ्या, आणि विमानतळावरच्या हवामान कार्यालयात माणूस असेल तर त्याच्याशी बोला. "माझा घाट झाकलेला असेल का?" असं थेट विचारलं की तो छापील अहवालापेक्षा बरंच जास्त सांगतो.

आता एक मेटार जवळून पाहू. उदाहरणासाठी बनवलेला आहे, पण जुलैतल्या कुठल्याही सकाळी असाच येतो:

*व्हीएएयू ०६०३३०झेड २६०१२केटी ५००० एचझेड एससीटी०१२ बीकेएन०२० २६/२३ क्यू१००६*

व्हीएएयू म्हणजे संभाजीनगरचा विमानतळ. सहा तारीख, ०३३० यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे सकाळचे नऊ. ही बेरीज चुकते, हसू नका. टॅफमध्ये "०६०० पासून गडगडाट" असेल तर तो साडेअकराला. सहाचा समजून "होऊन गेला असेल" म्हणत निघालेला मुलगा मी पाहिला आहे.

वारा २६० वरून १२ नॉट. दृश्यमानता ५००० मीटर, हवा धुरकट. म्हणजे कायद्याच्या अगदी उंबरठ्यावर.

खरी गोष्ट यापुढे आहे. बीकेएन०२० म्हणजे पाच ते सात अष्टमांश आकाश झाकलेलं आणि तळ २००० फुटांवर. १९०० मिळवा: ३९०० फूट. आपल्या ३२०० च्या टेकाडावर फक्त ७०० फुटांची फट. त्याखाली एससीटी०१२, म्हणजे ३१०० फुटांवर विखुरलेले ढग. ते टेकाडाच्या माथ्यापेक्षाही खाली आहेत. थोडक्यात, संभाजीनगरला विमानं आरामात उतरत असतील आणि घाट मात्र ढगात असेल.

यातला फसवा भाग धुळ्यात आहे. धुळ्याची जमीन सुमारे ८०० फुटांवर. तोच ३९०० चा तळ धुळ्यातून डोक्यावर ३१०० फूट उंच दिसतो. मस्त मोकळं आकाश, खाली हिरवंगार. विमान उडतं, ढगाचा तळ तसाच राहतो आणि जमीन वर येते. कड्यावर तर हवा चढताना थंड होते, म्हणून तिथे तळ आणखी खाली बसतो.

२६/२३: तापमान आणि दवबिंदू. फरक तीन अंश. प्रत्येक अंशाला सुमारे ४०० फूट धरले तर ढग १२०० फुटांच्या आसपास तयार व्हायला हवा, आणि अहवालातले खालचे ढग तिथेच आहेत. हा ढोबळ हिशेब धावपट्टीवर मेटार नसलेल्या ठिकाणीही चालतो. फरक दोन किंवा कमी असेल आणि वारा पडलेला असेल तर धुक्याची तयारी ठेवा. हिवाळ्यात सूर्य उगवल्यावर धुकं लगेच विरेल असं वाटतं, पण कोवळ्या उन्हाने जमिनीलगतची हवा हलली की ते अर्धा तास आणखी घट्ट होऊ शकतं.

क्यू१००६: हा हवेचा दाब, तो आल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, लावा. काटा १०१३ वर राहिला तर सात हेक्टोपास्कलचा फरक, प्रत्येकी साधारण २८ फूट, म्हणजे यंत्र तुम्हाला खऱ्यापेक्षा जवळपास २०० फूट वर दाखवणार. सातशेच्या फटीतले दोनशे इथेच गेले.

आणि एक साधन कुठल्या पुस्तकात नाही. घाटाच्या पायथ्याशी ओळखीचा कोणी असेल, ढाबेवाला, पंपावरचा माणूस, तर त्याला फोन करा. "डोंगर दिसतोय का?" एवढंच विचारा. "घाटात ढग उतरलाय, गाड्या लाइट लावून येताहेत," असं उत्तर आलं की चहा मागवा.

> सावधान: फोनवरचं हवामानाचं अॅप पावसाची टक्केवारी देतं. त्यात ढगाचा तळ नसतो. त्याच्या भरवशावर डोंगर ओलांडू नये.

टप्पा ४: वळवाची गोष्ट वेगळी

पावसाळी ढग हळूहळू दाटतात, वळीव वेळच देत नाही. एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा परतीच्या पावसात, दुपारी दोननंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. त्यांच्यापुढे कित्येक मैल थंड वाऱ्याचा झोत धुळीची भिंत घेऊन पळतो. पाऊस अजून लांब आहे म्हणून उतरायला गेलेल्या विमानाचा समोरचा वारा काही सेकंदांत पाठचा होतो.

इथे नियम आखूड आहेत. उड्डाण सकाळी संपवा. मोठ्या गडगडाटी ढगापासून किमान २० नॉटिकल मैल दूर राहा. दोन मनोऱ्यांमधल्या फटीतून जाऊ नका, ती फट तुम्ही आत असताना मिटते. ढगाखालून पलीकडचा उजेड दिसला तरीही नाही.

टप्पा ५: निघायचं की नाही, हे बसल्या जागी ठरवा

टप्पा १ चा आकडा आणि टप्पा ३ चा आकडा शेजारी-शेजारी लिहा. ३३०० हवेत, २००० आहेत. संपलं. इथे "बघू तर खरं, नाही जमलं तर परत येऊ" हे वाक्य येतं. ते पूर्ण चुकीचं नाही, पण त्यासाठी एक अट आहे: आकडे जेमतेम पुरत असतील तेव्हाच ते बोलायचं. पुरतच नसतील तेव्हा नाही.

तासांचं दडपण मला माहीत आहे. कमर्शियल लायसन्सला उड्डाणाचे २०० तास, त्यात स्वतः कप्तान म्हणून केलेल्या क्रॉस-कंट्रीचे (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे) ५०, आणि पावसाळ्यात विमान दिवसेंदिवस बांधलेलं. घरी बाबांनी कर्ज काढलेलं. बाकीचे पुढे निघाले. म्हणूनच निर्णयाचा कागद दुसऱ्या कोणाला तरी दाखवा, ज्याला तुमच्या तासांशी काही देणंघेणं नाही. आमच्याकडे मी जुन्या मेकॅनिककाकांना दाखवतो. ते आकडे पाहत नाहीत, माझं तोंड पाहतात.

टप्पा ६: विमानाजवळ

नेहमीची तपासणी नेहमीसारखीच. खराब हवेच्या दिवशी या गोष्टींवर जास्तीचं बोट ठेवा:

समोरची काच आतून-बाहेरून पुसा. सकाळच्या उन्हात किड्यांचे डाग आणि धुरकट हवा मिळून पाच किलोमीटरचे तीन करतात.

सक्शन गेज हिरव्या पट्ट्यात आहे का? जुन्या विमानात अटिट्यूड इंडिकेटर, म्हणजे कृत्रिम क्षितिज दाखवणारं यंत्र, त्या सक्शनवर चालतो. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, वळणावर त्याचं क्षितिज आडवं राहतं की कलतं, हे बघा. कललं तर आज डोंगर नाही.

पिटो हीट चालू करून वेग मोजणारी पिटो नळी कोमट लागते का पाहा, पटकन बोट लावून. डायरेक्शन इंडिकेटर कंपासशी जुळवा आणि हवेत दर पंधरा मिनिटांनी पुन्हा जुळवा. मागे फिरायची दिशा तो सांगणार आहे.

इंधन: दिवसाच्या व्हीएफआरला अर्ध्या तासाचा साठा किमान मानतात. पावसाळ्यात एक तासाचा ठेवा. इंधन कमी असलं की डोकं आपोआप पुढचाच विमानतळ निवडतं.

कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर कार्ब हीट, म्हणजे त्याला गरम हवा देणारी कळ, तपासा. बर्फ म्हटलं की हिमालय आठवतो, पण दमट हवेत बाहेर २५ अंश असतानाही कमी पॉवरवर कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो. आरपीएम हळूहळू उतरतात आणि वैमानिक न कळत थ्रॉटल पुढे सारत राहतो.

टप्पा ७: हवेत, फाटकांपर्यंत

९० नॉट म्हणजे सेकंदाला ४६ मीटर. पाच किलोमीटर दिसत असेल तर दिसणाऱ्या शेवटच्या गोष्टीपर्यंत तुमच्याकडे १०८ सेकंद आहेत. दीड किलोमीटर दिसत असेल तर ३२. बत्तीस सेकंदांत रेडिओवर एक वाक्य बोलून होतं आणि नकाशाची एक घडी उलगडते.

दृश्यमानता डोळ्याने सांगता येत नाही, घड्याळाने सांगता येते. समोर जेमतेम दिसू लागलेली टाकी किंवा चिमणी धरा, वेळ टिपा, ती पंखाखाली येईपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. शंभरच्या खाली आलात की पाच किलोमीटर उरलेले नाहीत.

उंचीकडेही असंच बघा. ढग खाली येत असेल तर हात स्वतःहून नाक खाली दाबतो. वैमानिकाला वाटतं आपण पातळीवरच आहोत. दर फाटकावर उंची मोठ्याने म्हणा. ठरवलेल्या उंचीवरून एकदा २०० फूट खाली यावं लागलं तर ती पहिली सूचना. दुसऱ्यांदा यावं लागलं तर वळा, फाटकाची वाट पाहू नका.

> सावधान: रस्ता धरून उडताना रस्ता घाटात शिरतो आणि तुम्हीही. औट्रम घाटाचा, म्हणजेच कन्नड घाटाचा, रस्ता नागमोडी आहे. ट्रकला तिथे वळता येतं, तुम्हाला येईलच असं नाही.

टप्पा ८: वळण, ढगाच्या अलीकडे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि जवळपास सगळ्या उशिराच्या.

वळायला किती जागा लागते ते पाहा. ९० नॉटला १५ अंशांच्या कलाने अर्धं वर्तुळ पूर्ण करायला आडवे सुमारे १६०० मीटर लागतात. ३० अंशांच्या कलाने साडेसातशे. दरीत असाल तर कधीही मधून उडू नका. एका कडेला राहा, म्हणजे वळायला अख्खी दरी मिळते. कड्याकडे नाकासमोर न जाता ४५ अंशांत तिरके जा. मग मागे फिरायला १८० ऐवजी १३५ अंश पुरतात.

वळताना डोळे क्षितिजावर, नाहीतर त्याच्या यंत्रावर. खाली चाळीसगाव शोधू नका. वळण पूर्ण झालं की हेडिंग वाचा: १५० ने आलात तर ३३०. उलटी दिशा काढायची युक्ती: २०० मिळवा, २० वजा करा. आकडा १८० पेक्षा मोठा असेल तर २०० वजा करून २० मिळवा. ही युक्ती जमिनीवर वीस वेळा करा. घाबरलेल्या डोक्याला ३३० वजा १८० जमत नाही. मी स्वतः अनुभवलं आहे.

माझे तेव्हा सत्तर तास झाले होते. चाळीसगाव सोडलं, कडा दिसत होता, म्हणजे अर्धा दिसत होता. उरलेला अर्धा मी मनाने पूर्ण केला. मग काच दुधासारखी पांढरी झाली. विमान सरळ आहे याची मला शंभर टक्के खात्री होती. अटिट्यूड इंडिकेटर मात्र डावीकडे वीस अंश कल दाखवत होता, आणि माझा पहिला विचार होता, यंत्र बिघडलं. ते बिघडलेलं नव्हतं. कानात घुमणारं इंजिन आणि चढत जाणारा एअरस्पीडचा काटा, दोघेही यंत्राच्या बाजूने बोलत होते. पाच-सहा सेकंदांनी मी त्यांचं ऐकलं. खालचा हिरवा पट्टा परत दिसला तेव्हा उंची सहाशे फुटांनी कमी झाली होती.

टप्पा ९: ढगात शिरलातच तर

कारण आधी समजून घ्या, म्हणजे क्रम पटेल. तोल सांगणारी कानातली द्रवाची नळी हळू सुरू झालेलं वळण ओळखत नाही. ओळखलेलं वळणही वीसेक सेकंद एकसारखं राहिलं की द्रव स्थिरावतो आणि सरळ असल्याचं वाटतं. मग तुम्ही विमान खरोखर सरळ केलंत की शरीराला उलट्या बाजूचं वळण जाणवतं, आणि हात विमान पुन्हा जुन्या कलात नेतो. नाक पडतं, वेग वाढतो, वैमानिक दांडा मागे ओढतो. पंख कललेले असताना दांडा ओढला की फिरकी आणखी आवळते.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये यंत्रांचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांवर हा प्रयोग झाला. बाहेरचं दिसेनासं झाल्यावर विसाच्या विसांचा ताबा सुटला, त्यातले १९ फिरकीत गेले. सरासरी वेळ १७८ सेकंद. प्रयोगाचा खरा हेतू मात्र मागे फिरायचं साधं वळण शिकवता येतं का, हा होता. शिकवल्यावर ते त्यांना जमलं.

म्हणून क्रम असा, आणि तो मोडायचा नाही:

१. डोळे आत. बाहेर काही नाही, पुन्हा बघू नका. अटिट्यूड इंडिकेटरवर पंख सपाट करा, हलक्या हाताने, दोन बोटांनी. आधी पंख, मग नाक. ऑटोपायलट असेल तर हेडिंग आणि उंची त्याच्याकडे द्या.

२. दहा सेकंद काहीही करू नका. पंख सपाट, पॉवर तीच, ट्रिम तीच. नीट ट्रिम केलेली (हात सोडला तरी नाक जागेवर राहील अशी लावलेली) सेसना तुमच्यापेक्षा शांत असते. श्वास सोडा.

३. हेडिंग वाचा, उलटी दिशा मोठ्याने म्हणा.

४. ज्या बाजूला जमीन सखल आहे तिकडे वळा. कल १५ अंश, एक मिनिट. सेकंदाला तीन अंशांच्या वळणात ६० सेकंदांत १८० अंश होतात. नजर अटिट्यूड इंडिकेटरवर, तिथून आल्टिमीटर, परत अटिट्यूड, तिथून हेडिंग, परत अटिट्यूड. कल २० च्या पुढे गेला तर वळण थांबवा, पंख सपाट करा, मग पुन्हा सुरू करा.

५. पंख सपाट. आता जितका वेळ ढगात गेलात तितका वेळ परत सरळ. बाहेर येईपर्यंत खाली उतरायचा मोह टाळा. फरशीच्या खाली असाल आणि समोर डोंगर असायची शक्यता असेल तर सरळ पंखांनी चढायला लागा.

६. आता बोला, त्याआधी नाही. ज्या फ्रीक्वेन्सीवर आहात तिथेच, किंवा आणीबाणीच्या १२१.५ वर. "व्हीएफआर पायलट, ढगात, इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही," एवढं सरळ सांगा (हे रेटिंग म्हणजे फक्त यंत्रं बघून उडायची परवानगी). ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, आणीबाणीचा कोड ७७००. लाजून "थोडी कमी व्हिजिबिलिटी आहे" असं म्हणू नका. कंट्रोलरला तुमची अडचण कळली तरच तो मोकळ्या हवेची दिशा आणि सुरक्षित उंची देऊ शकतो.

> तपासा: हा क्रम इन्स्ट्रक्टरबरोबर हूड (बाहेरचं झाकणारी टोपी) लावून महिन्यातून एकदा करता का? लायसन्ससाठी केलेले दहा तास वर्षभराने हातात राहत नाहीत. आणि हूडच्या कडेने उजेड दिसतो, ढगात तोही नसतो.

रात्र आणि धूसर हवा एकत्र आली तर ढगाचीही गरज नसते. १६ जुलै १९९९ ला जॉन केनेडी ज्युनियर यांचं पायपर साराटोगा मार्थाज व्हिनयार्डजवळ समुद्रात पडलं. धुरकट रात्र, खाली काळं पाणी, क्षितिज कुठेच नाही. त्यांच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं. अमेरिकी तपास यंत्रणेने कारण लिहिलं ते दिशाभ्रमाचं.

टप्पा १०: परतीची वाटही मिटली तर

पुढे ढग, मागे पाऊस, खाली अजून दिसतंय. अशा वेळी इंजिन चालू असताना, दिसत असताना, शेतात उतरणं हा शहाणपणाचा पर्याय आहे. तो लोक घेत नाहीत कारण विमान मोडेल.

जागा निवडताना खानदेशात दोन गोष्टी पाहा. पावसाळ्यात काळी जमीन नको, पुढचं चाक रुततं आणि विमान कोलांटी खातं. मुरमाड माळ किंवा पडीक रान बरं. केळीची बाग वरून सपाट दिसते, तिच्या वाटेला जाऊ नका. शेताच्या कडेने विजेच्या तारा असतातच. तार दिसत नाही, खांब दिसतात, म्हणून खांबांची रांग शोधा. एकदा ५०० फुटांवरून पाहणी करा, वाऱ्याची दिशा धुरावरून किंवा तळ्यावरच्या लहरींवरून घ्या. काचेवर पाऊस असेल तर आपण खऱ्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं आणि माणूस खाली येत जातो, म्हणून आल्टिमीटरकडे लक्ष ठेवा. उतरण्याआधी दार किंचित उघडं ठेवा, पट्टे आवळा, जमिनीला लागण्याच्या बेतात मिक्श्चर (इंधन) आणि मॅग्नेटो (ठिणगी) बंद.

टप्पा ११: जमिनीवर परत आल्यावर

आधी फोन. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात तुमची खबर नसेल तर हवाई वाहतूक नियंत्रण शोधाची पहिली पायरी चढतं. मागे फिरून दुसरीकडे उतरलात आणि कँटीनमध्ये बसलात तर तिकडे लोक तुम्हाला घाटात शोधायला निघतात. फ्लाइट प्लॅन बंद झाल्याची खात्री स्वतः करा, मित्रावर सोपवू नका.

मग त्याच कागदावर तीन गोष्टी लिहा: कुठल्या फाटकावरून वळलात, तेव्हा ढगाचा तळ किती होता, आणि त्या वेळचा संभाजीनगरचा मेटार काय म्हणत होता. माझ्याकडे अशा कागदांची एक जाड फाइल आहे. चाळीसगावहून मागे फिरलेल्या दिवसांपैकी बऱ्याच दिवशी संभाजीनगरला दृश्यमानता सहा किलोमीटर होती.